दहा वाजून पाच मिनिटं

सोमवारी सकाळी आमच्या साहेबांनी, अतो शिमेलिसनी, माझ्या टेबलावर एक छापील पान ठेवलं आणि, आज बस उशिरा आली असं सांगावं तशा आवाजात म्हणाले, "सापडलं बघ. गिझाचेवच निघाला." मी पान वाचलं. वाचताना मला पहिल्यांदा काय वाटलं ते आधीच सांगून टाकते, कारण पुढचे चार दिवस मी तेच लपवत होते. मला सुटल्यासारखं वाटलं. खांद्यावरचं काहीतरी कुणीतरी हलकेच उचलून नेलं आणि मी 'अहो, ते माझं आहे' असं म्हटलं नाही. मग अर्ध्या मिनिटात डोक्यात तिडीक गेली. कारण पानावर जे लिहिलं होतं ते धडधडीत खोटं होतं, आणि इतकं नेटकं, इतकं सभ्य, परिच्छेदाखाली परिच्छेद, कुठे खाडाखोड नाही, की त्याच्याशी भांडायचं कुठून तेच कळेना. 'मंगळवारी दहा वाजून पाच मिनिटांनी, नऊ ते पाच या पाळीवर असलेल्या गिझाचेव बेयेने यांनी नकलेचं काम हाताने थांबवलं व ते पुन्हा सुरू केलं नाही.' ते काम थांबवलं मी. मी, त्सिगेरेदा बेयेने, वय सत्तेचाळीस, या खोलीत एकोणीस वर्षं. माझ्यानंतरच्या पाळीचा गिझाचेव त्या वेळी घरी झोपलेला असणार, नाहीतर मुलांना शाळेत सोडून कुठल्यातरी रांगेत उभा असणार. "वाईट झालं," शिमेलिस म्हणाले, "पण निदान कळलं तरी." मी म्हणाले, "हं." एवढंच. आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं मी एका 'हं'मध्ये बोलले.

आमचं काम साधं आहे. ज्यांचा पाय नाही त्यांच्यासाठी पाय करायचा. माणसं लांबून येतात, गोंडरहून, अर्बा मिंचहून, दोन दोन दिवस बसमध्ये कुबड्या मांडीवर आडव्या धरून, आणि खालच्या मजल्यावर त्यांच्या उरलेल्या पायाचं माप कॅमेऱ्याने घेतात. ते माप वर आमच्याकडे सर्व्हरवर येतं आणि मागच्या शेडमध्ये कारागीर त्यावरून पाय घडवतात. दर तीन आठवड्यांनी सगळ्या मापांची दुसऱ्या डिस्कवर मोठी नक्कल काढायची. त्या मंगळवारी ती नक्कल चालू असताना वीज गेली, सर्व्हरपुरता जनरेटर लागला, आणि नेहमीच्या पद्धतीप्रमाणे मी काम थांबवलं. वीज आली की पुन्हा सुरू करायचं, हीही नेहमीचीच पद्धत. ती मी पाळली नाही. गुरुवारी पहिली डिस्क गेली. तीन आठवड्यांची मापं गेली. दोनशे बारा माणसं. त्यांना पुन्हा बोलवायचं, पुन्हा दोन दिवस बसमध्ये, पुन्हा त्या बाकावर बसून पँट गुडघ्यापर्यंत वर करायची आणि ज्या जागेकडे ती स्वतःही बघत नाहीत ती जागा अनोळखी मुलीला दाखवायची.

सर्व्हर जे जे करतो त्याची नोंद स्वतःच ठेवतो. कोणतं काम, कुणी सुरू केलं, किती वाजता, कसं संपलं. दिवसाला हजारो ओळी. एकोणीस वर्षांत त्या कुणी वाचलेल्या मी पाहिल्या नाहीत, आणि मीही वाचल्या नाहीत. त्या तिथे आहेत एवढ्यावरच आमचं समाधान. मग गेल्या पावसाळ्यानंतर मुख्य कार्यालयाने हे नवं साधन पाठवलं. ते या नोंदवह्या उघडून कृत्रिम बुद्धीपुढे धरतं. ती वाचते, ओळीला ओळ जोडते, आणि काय झालं ते गोष्टीसारखं लिहून देते. आम्ही त्या सगळ्याला मिळून अनबाबी म्हणतो, म्हणजे वाचणारा. त्याला प्रश्न विचारला की तो उत्तर देतो, तेही कधी न चिडता. मला तेच सहन होत नाही. एकोणीस वर्षांत या खोलीत न चिडता कुणी काही सांगितलेलं मला आठवत नाही. आणि शिमेलिस तर त्याच्या प्रेमातच. माझ्या बोलण्यावर ज्या माणसाने एवढ्या वर्षांत एकदाही मान डोलावली नाही, तो पडद्यासमोर मान डोलावत उभा राहतो.

आता तो चुकला कसा, ते मला पान वाचता वाचताच कळलं होतं, कारण ती चूक अगदी आमच्या घरची आहे. सर्व्हरवर माझं आणि गिझाचेवचं खातं एकच आहे, बेयेने. ज्या परदेशी माणसाने यंत्रं बसवली त्याने आमच्या दोघांच्या नावांपुढे बेयेने पाहिलं आणि म्हणाला, "भाऊबहीण? छान!" आणि एकच खातं करून निघून गेला. आमच्यात आडनाव नसतं, नावापुढे वडिलांचं नाव लावतात; माझे वडील बेयेने वेगळे, त्याचे बेयेने वेगळे. माझे मेर्कातोच्या बाजारात शिंपी, त्याचे देब्रे बिर्हानला मेंढरांच्या लोकरीची घोंगडी विणायचे; आयुष्यात एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. पण ऑफिसला गंमत वाटली. तेव्हापासून आम्ही भाऊबहीण, आणि चाळिशी उलटलेला हा दोन पोरांचा बाप मला इतिये म्हणतो, ताई. तर नोंदीत फक्त बेयेने. कोणता बेयेने हे ठरवायला अनबाबीने पाळ्यांचा तक्ता मागितला आणि शिमेलिसनी मोठ्या उत्साहाने भिंतीवरच्या तक्त्याचा फोटो काढून त्याला दिला. त्सिगेरेदा एक ते नऊ, गिझाचेव नऊ ते पाच. आमच्याकडे, इथिओपियात, दिवस सूर्याबरोबर सुरू होतो. उजाडून तास झाला की आमचा एक वाजतो, बाकीचं जग त्याला सात म्हणतं. माझे एक ते नऊ म्हणजे जगाचे सकाळी सात ते दुपारी तीन. गिझाचेव दुपारी तीनला येतो आणि रात्री अकराला जातो. सर्व्हर मात्र जगाच्या घड्याळावर चालतो. त्याच्या नोंदीतले दहा वाजून पाच म्हणजे ऐन सकाळ, आमचे चार वाजून पाच, माझी पाळी. अनबाबीने ते दहा उचलले आणि तक्त्यातल्या नऊ ते पाचमध्ये बसवून टाकले. बसले की छान.

हे इथेच पकडलं गेलं असतं. या देशातलं शेंबडं पोरसुद्धा जगाच्या घड्याळातून सहा काढतं आणि सहा घालतं, आम्ही झोपेतही ते करतो. पण शिमेलिसनी अनबाबीला अहवाल अम्हारिकमध्ये लिहायला सांगितला होता, आणि त्याने शब्द बदलले, तास तसेच ठेवले. अम्हारिकमध्ये लिहिलेले दहा वाचले की आमचा माणूस सहा काढत नाही. आमच्या भाषेतले दहा, म्हणजे दुपार कलतानाचे, आणि त्या वेळी गिझाचेव खरोखरच खुर्चीवर होता. यंत्र एका बाजूने चुकलं, माणसं दुसऱ्या बाजूने चुकली आणि दोघं बरोब्बर एका जागी येऊन भेटले. मी तिथे एकटी उभी, आणि मला ठाऊक की ही जागाच खोटी आहे.

मग बोलली का नाहीस? हे मी स्वतःला सोमवारी दुपारी विचारलं, रात्री बटाटे सोलताना विचारलं, मंगळवारी बसमध्ये विचारलं. नोकरीची भीती म्हणावी तर मी कायम आहे. मला ओरडतील, माझ्या फाइलीला कागद लावतील, पण काढणार नाहीत. काढतील ते गिझाचेवला, तो कंत्राटावर, आणि मुख्य कार्यालयाचं पत्र आलेलंच होतं की जबाबदार व्यक्तीचं कंत्राट महिनाअखेर पुढे वाढवू नये. मग काय? मला वाटतं, एकोणीस वर्षं. एकोणीस वर्षांत 'त्सिगेला विचारा, तिच्या हातून चुकत नाही' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ते माझ्या हाडात जाऊन बसलंय. त्या वाक्यावर मी जगते, हे मला आत्ता कळलं, आणि कळल्यावर स्वतःचाच असा काही वैताग आला की सोललेला बटाटा मी पुन्हा सोलायला लागले. दुसरं म्हणजे मी वाट बघत होते. कुणीतरी पकडेल. एवढी माणसं, प्रत्येकाच्या हाताला घड्याळ, एक तरी माणूस म्हणेल की अहो, हे दहा कुठले? मंगळवारी मी शिमेलिसना म्हणालेसुद्धा, "तक्ता एकदा नीट बघा ना."

"तक्ता बरोबर आहे. फोटो मीच काढलाय."

"तास बघा तक्त्यातले."

"त्सिगे, तुझ्या भावाला वाचवायचंय ते कळतंय मला. पण हे यंत्र आहे. त्याला ना भाऊ ना बहीण." आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन ते पायऱ्या उतरून गेले. मला पकडायला आलेल्या माणसाला मीच दार उघडून देत होते आणि तो पायपुसणं सरळ करून परत जात होता.

कॉफीबद्दल सांगायला हवं. त्या मंगळवारी मोठा उपास अजून लागायचा होता, लोक पुढच्या पंचावन्न दिवसांचं मांस आधीच खाऊन घेत होते, सगळ्या गल्लीला तुपाचा वास. वीज गेली, मी काम थांबवलं आणि खाली पहारेकऱ्याच्या खोलीत गेले, कारण त्याच्या बायकोने, आम्ही जिला एमामा म्हणजे माई म्हणतो त्या देबरीतूने, जिन्यातून हाक मारली होती. काही निमित्त नव्हतं. जमिनीवर हिरवं गवत पसरलेलं, कढईत बिया तडतडत होत्या, त्या धुराचा वास केसात बसतो तो दोन दिवस जात नाही. पहिला कप झाला. दुसरा चालू असताना वीज आली, छतावरचा दिवा लागला. मी पाहिला. मला आता कुणी विचारलं की तुझ्या लक्षात आलं नव्हतं का, तर आलं होतं. मी दिव्याकडे बघितलं आणि मनात म्हटलं, तिसरा झाला की जाऊ. तिसरा कप आशीर्वादाचा, तो सोडून उठलं तर यजमानीण तोंडाने काही म्हणत नाही पण पुढच्या वेळी हाक मारत नाही. एमामा देबरीतू सांगत होती की तिची कोंबडी रोज शेजारणीच्या अंगणात जाऊन अंडी घालते आणि शेजारीण म्हणते, कोंबडीची मर्जी. मी हसत होते. तिसऱ्या कपाची कॉफी म्हणजे नुसतं रंगाचं पाणी, तरी ती निवांत प्यायले. मग वर आले तर शिमेलिसनी बोलावलं, मग लेखा विभागाचा प्रिंटर अडकला, आणि नऊ वाजता, माझी पाळी संपताना, मी हजेरीवहीत माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं : सर्व ठीक.

हे 'सर्व ठीक' मला वडिलांकडून मिळालं असावं. बेयेने शिंपी मापं वहीत लिहायचे, निळ्या शाईने, आणि त्या वहीवर त्यांचा देवावर होता त्याहून जास्त विश्वास. एकदा एक गिऱ्हाईक नवी पँट घालून दुकानात उभं राहिलं, घोटे उघडे, पँट नडगीवर लटकलेली. वडिलांनी वही काढली, चष्मा लावला, बोट ठेवलं. "चाळीस लिहिलंय." तो माणूस म्हणाला, "बेयेने, माझ्या पायाकडे बघ." वडील म्हणाले, "पायाकडे काय बघायचंय, वहीत चाळीस आहे." आम्ही पोरं कापडाच्या गठ्ठ्यांमागे तोंड दाबून हसत होतो. तेव्हा हसले खरी. आता माझ्या बाजूला अख्खं ऑफिस वहीवर बोट ठेवून उभं होतं, आणि उघडे घोटे माझेच होते, आणि मी तेही झाकून घेतले होते. वडिलांचा राग आला. मेलेल्या माणसावर राग काढायला बरं, तो उलट बोलत नाही.

पण मला खरं हैराण केलं ते गिझाचेवने. मला वाटलं होतं तो चिडेल, म्हणेल काहीही काय, मी नाही केलं. मग भांडण होईल, भांडणात कुणीतरी घड्याळ काढेल आणि सगळं आपोआप बाहेर येईल, मला तोंडही उघडावं लागणार नाही. कसलं काय! बुधवारी तो पाळीवर आला, उपासाचा पहिला घास तो नऊनंतरच घेतो म्हणून डबा उघडून बसला, डाळ आणि कोबी, आणि अर्धा इंजेरा, आमची आंबट भाकरी, माझ्यापुढे सरकवत म्हणाला, "इतिये, मला आता आठवतंय."

"काय आठवतंय?"

"तो मंगळवार. दुपारी एकदा दिवे लुकलुकले होते बघ. मी उठलो, काम थांबवलं. तेवढ्यात बायकोचा फोन आला, धाकट्याला ताप होता. त्यात राहून गेलं."

"धाकट्याला ताप सोमवारी होता."

"मंगळवारीपण असेल थोडा."

"गिझाचेव, तुला खरंच आठवतंय? की त्या पानावर लिहिलंय म्हणून आठवतंय?"

तो विचारात पडला. प्रामाणिक माणूस, अगदी मनापासून विचारात पडला, हातातला घास तसाच. "बोटाखाली ते बटण आठवतंय," म्हणाला. "आणि लिहिलंय म्हणजे केलंच असणार ना? यंत्राचं माझ्याशी काय वैर आहे?" मला त्याच्या डब्याचं झाकण त्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं. असं कसं? तुझं स्वतःचं आयुष्य, तू स्वतः जगलास, आणि एका कागदाने सांगितलं की मंगळवारी तू इथे बसून चूक केलीस, तर तू लगेच आत जाऊन त्यासाठी बोट, बटण, फोन, ताप सगळं गोळा करून आणतोस? थोडं भांड ना. मी खोटी आहे ते आहेच, पण तू इतका मऊ असशील तर माझं खोटं तुझ्यावर टेकून आरामात उभं राहणार. त्याचा अर्धा इंजेरा मी खाल्ला. त्या दिवशी मी ही गोष्टही केली.

गुरुवारी सकाळी मी शिमेलिसच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. रात्री काही दैवी वगैरे घडलं नव्हतं; सकाळी खालून येताना मी बाकावर दोन माणसं बघितली. फोन पोहोचायच्या आधीच ठरलेल्या तारखेला आलेली, आपला पाय तयार असेल म्हणून. एकीने नव्या पायासाठी नवे बूट आणले होते, दोन्ही, खोक्यासकट, मांडीवर घेऊन बसली होती. मी शिमेलिसना म्हणाले, "ते काम मी थांबवलं. सकाळी चार वाजून पाच मिनिटांनी. गिझाचेव घरी होता."

त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं आता. तर त्यांच्या डोळ्यांत पाणी. "त्सिगे," म्हणाले, "तू मोठ्या मनाची बाई आहेस. मी हे कुणाला सांगणार नाही."

"सांगा! सांगायलाच आलेय मी."

"तुला काढणार नाहीत म्हणून तू अंगावर घेतेस, कळतं मला. पण अहवाल गेलाय. त्यात दहा वाजून पाच स्पष्ट लिहिलंय."

"कुठले दहा? सर्व्हरचे दहा! अतो शिमेलिस, सर्व्हरचे दहा म्हणजे आपले किती?"

"आता या वयात मला घड्याळ शिकवू नकोस," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर थोपटून मला दारापर्यंत सोडायला आले. जिन्यात उभी राहून मी मोठ्याने हसले, म्हणजे हसल्यासारखा आवाज काढला. चार दिवस खोटं बोलले तेव्हा कुणी भुवई उचलली नाही, आणि खरं बोलले तर माझा सत्कार होतो.

नऊ वाजता गिझाचेव आला. मी पिशवी खांद्याला लावलेली नव्हती हे त्याच्या लक्षात आलं. मी त्याला सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, दिवा, कॉफी, प्रिंटर. तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा मवाळ होत गेला, आणि शेवटी त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला. "आयझोश, इतिये," म्हणाला, धीर धर. मला! "तू माझ्यासाठी एवढं करायला निघालीस, हेच मला पुष्कळ. पण खोटं नको बोलूस. उपास चालू आहे."

"मी खोटं बोलत नाहीये!"

"बरं, बरं."

"बरं नाही! अरे मी मोठ्या मनाची नाही, मी कुणावर उपकार करत नाहीये! दिवा लागलेला मी बघितला आणि तिसरा कप पीत बसले! एमामा देबरीतूला विचार! तिच्या कोंबडीला विचार!" माझा आवाज फाटला. लेखा विभागातून कुणीतरी डोकावलं आणि गेलं. गिझाचेव माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत होता. तेव्हा मी त्याला खुर्चीत बसवलं, खांदे धरून, पोराला बसवतात तसं, आणि अनबाबीला लिहिलं : तक्त्यातले तास इथिओपियन घड्याळाचे आहेत. त्यात सहा मिळवून पुन्हा बघ.

चार सेकंद लागले असतील. 'तुमचं बरोबर आहे. दहा वाजून पाच ही वेळ त्सिगेरेदा बेयेने यांच्या पाळीत येते. आधीच्या चुकीबद्दल क्षमस्व.' आणि खाली नवा अहवाल, तितकाच नेटका, तितकाच सभ्य, माझ्या नावाचा. मला त्याचाही राग आला, खरं तर त्याचाच जास्त. ज्या खात्रीने त्याने एका माणसाचं अन्न काढून घेतलं होतं त्याच खात्रीने तो ते परत देत होता, मध्ये एकदा घसासुद्धा खाकरला नाही. मी पाठवण्याचं बटण दाबलं. मुख्य कार्यालयाला, शिमेलिसना, दोघांना. पाच मिनिटांत शिमेलिस दारात, हातात कागद, चेहरा पडलेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, ओठ हलवत सहा मिळवले, सहा काढले. "म्हणजे मग... तुझं नाव लिहायचं?"

"लिहा."

"त्याचं कंत्राट..."

"वाढवा. आजच पत्र करा, मी इथेच बसते." ते गेले. कागद घेऊन गेले हे मी नीट बघितलं.

गिझाचेव अजून पडद्याकडे बघत होता. मी सांगितलं तेव्हा त्याला पटलं नव्हतं, आता पटलं. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरून तो मंगळवार पुसला जाताना मला दिसला, बोट, बटण, तापलेलं पोर, एकेक. त्याला मोकळं वाटेल, तो हसेल, निदान एक सुस्कारा टाकेल अशी मी वाट बघत होते. आणि मनात, लाज वाटते पण सांगते, तो थँक्यू म्हणेल याचीही.

"सोमवारी तू हे पान वाचलंस तेव्हा तुला माहीत होतं?" त्याने विचारलं.

"होतं."

"काल आपण जेवलो तेव्हा?"

"तेव्हाही."

त्याने खुर्ची पडद्यापासून वळवली. मग म्हणाला, "मी आईला सांगून टाकलं ना." त्याने खिशातून फोन काढला. "सोमवारीच सांगितलं. ती रडली. मग म्हणाली, तुझ्यामुळे इतक्या लोकांचं चालणं अडलंय, देवाला काय तोंड दाखवशील. आता तिला मी काय सांगू? मी सांगितलं तर म्हणेल, पोरगा स्वतःला सोडवतोय."

"मी सांगते," मी म्हणाले. आपल्याला वाटतं आपलं सगळ्यात कठीण ते करून झालंय. त्याने नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला. देब्रे बिर्हान. पलीकडे वारा वाहत होता आणि कुठेतरी मेंढरं ओरडत होती. मी नाव सांगितलं तशी म्हातारी एकदम उजळली. "इतिये का गं तू? तो सारखा तुझंच नाव घेतो. जेवतोय ना नीट? लक्ष ठेव गं बाई त्याच्यावर." दमल्यासारखा श्वास लागला होता तिला. मी विचारलं, बरं नाही का. "बरी आहे गं, देवळात होते," ती म्हणाली, "आत्ताच बाहेर आले. त्या लोकांसाठी नमस्कार घालतेय ना मी, जमिनीला कपाळ टेकून. दोनशे बारा आहेत ना? एकेकाचा एक. आज एकशे चाळीस झाले. गुडघे ऐकत नाहीत, पण होतील."

मी तिला सांगितलं. या वेळी कुठेही न थांबता सांगितलं, तिसऱ्या कपासकट. चार दिवस गप्प राहिले तेही. वारा तेवढा ऐकू येत होता. मग तिने, न रागावता, खरोखर माहिती हवी असल्यासारखं विचारलं, "मग राहिलेले बहात्तर कुणी घालायचे?"

"मी घालते, एमामा."

"आणि माझे घालून झालेले?"

गिझाचेव फोनसाठी हात पुढे करून उभा होता.